द्राक्षाचे मोल आणि नावाचे मोल

(शेती व आरोग्य – अभ्यासपाठ)



आपल्या मावला भागात कापूस हेच मुख्य पीक. कापसाचा भाव पडला, वेचणीला माणसे मिळेनात, किंवा बाजार समितीच्या आवारात ओलावा जास्त म्हणून गाडी अडली, की घरोघरी एकच विषय निघतो: दुसरे काय लावावे? अलीकडे ह्या विषयात एक नवे नाव ऐकू येऊ लागले आहे, ते म्हणजे वाईनच्या द्राक्षांचे. कोणी सांगतो, कंपनी कलमे देते. कोणी सांगतो, कंपनीच माल उचलते, भाव आधीच ठरलेला असतो, आणि त्या द्राक्षाची बाटली शहरात हजार रुपयांना जाते. दोनतीन तरुणांनी तर कर्ज काढण्याची तयारीही मनाशी केली आहे.

ह्या प्रश्नाला एका शब्दात हो किंवा नाही म्हणणे सोपे आहे. परंतु जमीन गहाण पडावयाची असेल तर एका शब्दाचे उत्तर पुरत नाही. म्हणून ह्या पाठात आपण हा धंदा मुळापासून पाहू: द्राक्ष कसे पिकते, त्याला नाव कसे मिळते, नावाचा पैसा कोणाच्या हातात जातो, आणि धंदा बुडतो तेव्हा कोण बुडतो.

१. खाण्याचे द्राक्ष वेगळे, वाईनचे वेगळे

हातगाडीवर जे द्राक्ष मिळते ते बहुधा थॉमसन सीडलेस किंवा त्याच्या कुळातले असते. मणी लांब व टपोरा, साल पातळ, बी नाही. ह्या कुळात आपल्या मराठी शेतकऱ्यांनी स्वतः निवडून काढलेल्या जाती आहेत. तासगावकडची तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका ही त्यांतली प्रसिद्ध नावे. बागेत एखादी वेल वेगळी दिसली, तिच्यावर नजर ठेवली, काडी काढून वाढविली आणि तिला नाव दिले. प्रयोगशाळा नसताना शेतकऱ्याने केलेले हे संशोधनच होय.

आपल्या हैदराबादलाही द्राक्षाची परंपरा होती. अनाब-ए-शाही, म्हणजे शाही द्राक्ष, ही मोठ्या मण्यांची जात हैदराबादच्या परिसरात एके काळी भरघोस पिकत असे. पुढे शहर पसरले, बागांच्या जागी वस्त्या उभ्या राहिल्या आणि ते वैभव ओसरले.

वाईनचे द्राक्ष ह्याहून निराळे. मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि घड दिसावयास साधा. काबर्ने सोव्हिन्यो, शिराझ, सोव्हिन्यो ब्लां, शेनिन ब्लां ही त्यांची नावे. रंग, वास आणि तुरटपणा सालीत व बियांत असतो. म्हणून लहान मण्याला मान. हे द्राक्ष गोड असते, पण खाणारा ते विकत घेत नाही. बिया दाताखाली येतात, साल चावत राहावी लागते.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण धंद्याचा सर्वांत मोठा धोका येथेच आहे. कापूस एका जिनिंगवाल्याने घेतला नाही तर दुसरा घेईल. खाण्याचे द्राक्ष निर्यातीला गेले नाही तर मंडईत जाईल; मंडईत गेले नाही तर त्याचा बेदाणा होईल. वाईनचे द्राक्ष वायनरीने नाकारले, तर ते दुसऱ्या वायनरीवाचून कोठेही जात नाही. तेही काही दिवसांतच, कारण तोडलेला घड वाट पाहत नाही.

२. वेलीवर काय चालते

युरोपात थंडीत वेल पाने गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपल्या द्राक्ष बागायतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसविली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तीत नवी काडी तयार होते व डोळ्यांत सूक्ष्म घडाची घडण होते. पावसाळा सरतेवेळी फळछाटणी. तीवर घड येतो. छाटण्या दोन आणि पीक एक. वाईनच्या द्राक्षाची तोड साधारण जानेवारी ते मार्च ह्या काळात होते.

वेल बहुधा स्वतःच्या मुळावर लावीत नाहीत. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्समधील बागांची मुळे खाऊन टाकली, तेव्हा उपाय सापडला तो अमेरिकन रानवेलीच्या मुळावर युरोपीय वेलीचे कलम करण्याचा. आपल्याकडे खूंट वापरतात तो मुख्यतः क्षार आणि पाण्याची टंचाई सोसण्यासाठी. आधी खूंट लावावयाचा, तो वाढला की त्यावर कलम भरावयाचे, मग मांडव अथवा तारांचा आधार, ठिबक, आणि नंतर वेलीला वळण. व्यापारी पीक हाती येण्यास दोन ते तीन वर्षे जातात. तोवर खर्च चालू आणि उत्पन्न शून्य. मांडव, तारा, कलमे, ठिबक ह्यांचा एकरी खर्च हजारांत नव्हे, लाखांत मोजावा लागतो.

आणखी एक उलटी गोष्ट. कापूस जितका जास्त तितका आनंद. प्रतिष्ठेच्या वाईनसाठी मात्र घड मुद्दाम कमी ठेवतात. वेलीवर भार थोडा असला की मण्यात साखर, रंग व वास एकवटतो. तोडणीच्या वेळी साखर ब्रिक्स नावाच्या मापाने मोजतात. साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोड करतात. ब्रिक्सच्या निम्म्याहून किंचित अधिक इतके टक्के मद्यार्क तयार होतो, म्हणजे २४ ब्रिक्सच्या द्राक्षापासून सुमारे १३ टक्क्यांची वाईन. म्हणून शेतकऱ्याने करार करताना वजनाचा भाव तेवढा विचारू नये. ब्रिक्स कमी भरला तर किती कापणार, भुरी दिसली तर काय करणार, तोडीची तारीख कोण ठरविणार, हेही विचारावे. उत्पादन कमी ठेवावयाचे असेल तर किलोचा भाव तेवढा चढा पाहिजे. नाहीतर गुणवत्ता कंपनीची आणि तोटा शेतकऱ्याचा, असा प्रकार होतो.

३. नाव कसे जन्माला येते

दोन शेतांत एकाच जातीचे द्राक्ष पिकते, आणि एकाची बाटली दुसरीच्या दहापट किमतीला जाते. हे का होते?

नाव दोन प्रकारांनी मोठे होते. एक प्रकार गावाच्या नावाचा. फ्रान्समधील शँपेन हे मुळात एका प्रदेशाचे नाव. ह्या नावामागे मोठा झगडा आहे. १९११ च्या आधी काही वर्षे तेथे पीक सतत बुडाले. व्यापारी कंपन्यांनी बाहेरच्या स्वस्त मुलखातून माल आणला आणि त्यावर शँपेन हेच नाव लावून विकला. स्थानिक शेतकऱ्यांच्या द्राक्षांना भाव उरला नाही. जानेवारी १९११ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी बाहेरून आलेली वाईन अडवून मार्न नदीत ओतली. एप्रिलमध्ये एई गावात जाळपोळ झाली आणि सैन्य आणावे लागले. शेवटी १९२७ च्या कायद्याने शँपेनची हद्द आखली गेली. १९४१ मध्ये तेथे एक मंडळ स्थापन झाले, ज्यात द्राक्ष पिकविणारे आणि वाईन विकणारे असे दोन्ही पक्ष बरोबरीने बसतात, आणि एकरी किती पीक घ्यावयाचे हेही ठरवितात. आजही तेथील सुमारे नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या आहेत, मोठ्या कंपन्यांच्या नव्हेत. हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु एवढे खरे, की शँपेन नावाची किंमत शेतकऱ्याच्या पदरात पडते ती नुसत्या चांगल्या मातीमुळे नव्हे, तर नावाची राखण करणाऱ्या संघटनेमुळे.

दुसरा प्रकार जातीच्या नावाचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गावांची जुनी कीर्ती नव्हती. त्यांनी बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव ठळक छापले. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे एक चाचणी झाली. फ्रेंच जाणकारांनी बाटल्यांची नावे न पाहता चव घेतली, आणि पांढऱ्या व तांबड्या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाईनला गेला. त्या एका दिवसाने साऱ्या जगाला कळले की उत्तम द्राक्ष फ्रान्सबाहेरही पिकते. मात्र त्या दिवसामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. जाहिरात नाव पसरविते, पण टिकविते ते हातातले काम.

४. नाशिकची गोष्ट

आता आपल्या मराठी मुलखात येऊ. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले ह्यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने फसफसणारी वाईन तयार केली. ती परदेशात ओमर खय्याम ह्या नावाने विकली गेली. भारतातील द्राक्षाची वाईन युरोपच्या टेबलावर जाते, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

पुढचा मोठा टप्पा नाशिकचा. राजीव सामंत हे अमेरिकेत शिकून व नोकरी करून परत आले. गंगापूर धरणाजवळ त्यांच्या कुटुंबाची जमीन होती. आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग करून झाल्यावर १९९७ च्या सुमारास त्यांनी केरी डॅम्स्की ह्या कॅलिफोर्नियातील तज्ज्ञाच्या सल्ल्याने सोव्हिन्यो ब्लां व शेनिन ब्लां ह्या जाती लावल्या. २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली. नाव ठेवले सुला. आईचे नाव सुलभा, त्यावरून. चिन्ह घेतले झुपकेदार मिशांच्या सूर्याचे.

ह्या गोष्टीतला विक्रीचा भाग नीट पाहा. नाव छोटे, कोणत्याही भाषेत उच्चारता येईल असे. चिन्ह असे की अक्षर न वाचणाराही ओळखेल. पुढे त्यांनी लोकांना मळ्यावरच बोलावले. चाखण्याची खोली उघडली, राहण्याची सोय केली, २००८ पासून संगीताचा उत्सव भरविला. मुंबई-पुण्याचा माणूस नाशिकला वेल बघावयास येऊ लागला आणि जाताना बाटली घेऊन गेला. एका वाईनला तर दिंडोरी तालुक्याचेच नाव दिले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, त्या वेळी देशी वाईनच्या बाजारातील निम्म्याहून अधिक वाटा तिच्याकडे होता.

सरकारचाही हातभार होता. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, करांत सूट दिली, नाशिकमध्ये विंचूर व सांगलीत पलूस येथे वाईन पार्क ठरविले. नाशिक व्हॅली वाईन ह्या नावाची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदही झाली. तिकडे सोलापूर जिल्ह्यात अकलूजला व कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशीही अशाच बागा व वायनऱ्या उभ्या राहिल्या.

येथवरची गोष्ट वाचून कोणाही तरुणाचे मन उचंबळेल. पण हा अर्धाच भाग झाला.

५. २००८ चा धडा

धोरण आल्यावर वायनऱ्या झपाट्याने वाढल्या. बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यांच्या पाहता पाहता कित्येक डझन झाल्या. नाशिक व सांगलीच्या शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षे काढून वाईनची लावली. लागवड वाढली, पिणारे मात्र त्या वेगाने वाढले नाहीत.

मग २००८ साल आले. जगात मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला, मोठी हॉटेले बंद पडली, परदेशी पाहुणे येईनासे झाले. वाईन मुख्यतः खपत होती ती ह्याच ठिकाणी. टाक्या जुन्या वाईनने भरलेल्या, आणि बागेत नवे घड पिकलेले. वायनऱ्यांनी खरेदी कमी केली. कोणी भाव पाडला, कोणी उचललेच नाही. नारायणगावची ती जुनी कंपनीही, जिने परदेशात नाव काढले होते, फार वेगाने पसरल्यामुळे कर्जाच्या भाराखाली कोलमडली. अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटल्या, किंवा त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या जातीचे कलम भरले. ज्यांच्याकडे आधीची बाग, मांडव आणि अनुभव होता ते सावरले. ज्यांनी सर्व काही एकाच करारावर टाकले होते त्यांची दशा कठीण झाली.

ह्यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, पिकाची मागणी कोठे आहे व ती कशावर अवलंबून आहे हे शेतकऱ्यास माहीत हवे. दुसरी, करार हा कागद आहे. देणारा बुडाला तर कागदही बुडतो. तिसरी, एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेले पीक संपूर्ण शेतात कधीही लावू नये.

६. बाटलीची वाटणी

एक साधा हिशेब करू. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस सुमारे एक ते सव्वा किलो द्राक्ष लागते. उदाहरणादाखल धरा की किलोस ५० रुपये मिळाले आणि बाटली ८०० रुपयांस विकली गेली. शेतकऱ्याच्या हाती आले साठ रुपयांच्या आसपास. बाकी कोठे गेले? काच, बूच, लेबल, थंड टाक्या, तज्ज्ञाचा पगार, वाहतूक, प्रत्येक राज्याचा निराळा कर, दुकानदाराचा नफा, जाहिरात, आणि नावाची किंमत. हे सर्व लुबाडणे आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यात खरा खर्च पुष्कळ आहे. पण नावाची किंमत ज्याचे नाव त्याला मिळते. कच्चा माल देणाऱ्याला मिळतो तो कच्च्या मालाचा भाव, मग माल द्राक्ष असो की कापूस.

नाव शेतकऱ्यांचे स्वतःचे असू शकते काय? होय. महाराष्ट्रात १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स ही संस्था निर्यातीसाठी उभी केली. पुढे दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे विलास शिंदे व त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी वाढविली. तिथे पेटीवरचे नाव शेतकऱ्यांच्या मालकीचे असते.

पण नावाबरोबर जबाबदारी येते. २०१० मध्ये आपली द्राक्षे युरोपात अडकली, कारण क्लोरमेक्वाट ह्या वाढरोधक रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. सर्वच शेतकऱ्यांनी नियम मोडला नव्हता, पण अडकली सर्वांची पेटी. नाव सामाईक असले की चूकही सामाईक होते. कापसातही हेच. २०१६ मध्ये एका मोठ्या अमेरिकन दुकानसाखळीने भारतातून आलेल्या चादरी परत घेतल्या, कारण त्यांवर इजिप्तच्या कापसाचे नाव होते आणि कापूस तेथला नव्हता.

७. आरोग्याचा विचार

हे पान शेतीबरोबर आरोग्याचेही आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

पहिली, वाईन म्हणजे दारू नव्हे, हे म्हणणे खरे नाही. १२ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क असतो. ४५ मिलिलिटर व्हिस्कीत जवळजवळ तेवढाच. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. १९९१ नंतर तांबडी वाईन हृदयाला चांगली अशी हवा पसरली होती. द्राक्षाच्या सालीतील ज्या द्रव्याचे गुण गायले जातात ते वाईनमध्ये अत्यल्प असते, आणि ताजी द्राक्षे खाऊनही मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरविले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेने स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही.

काही जण म्हणतात, फादर, वेदीवर तर वाईनच असते. खरे आहे. चर्चच्या नियमाप्रमाणे ती शुद्ध द्राक्षाचीच असावी लागते. पण ती थेंबांत मोजली जाते, पेल्यांत नव्हे. तिचा दाखला देऊन संध्याकाळचा पेला भरू नये. दारूने घर कसे मोडते हे आपल्या भागातील बायांना शिकवावे लागत नाही. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी अरकाविरुद्ध उठाव केला तेव्हा आपला जिल्हाही त्याच राज्यात होता. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठविली गेली. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकण्यास मान्यता दिली. शेतकऱ्याच्या हिताचे कारण पुढे केले गेले, पण लोकांच्या विरोधामुळे तो निर्णय अंमलात आला नाही. ह्यावरून एवढे दिसते की ह्या पिकाची बाजारपेठ सरकारी निर्णयावर आणि लोकमतावर हिंदकळणारी आहे. शेतकऱ्याने हाही धोका हिशेबात धरावा.

दुसरी गोष्ट फवारणीची. द्राक्षाला केवडा, भुरी, करपा हे रोग लागतात आणि दमट हवेत फवारण्या कापसापेक्षाही वाढतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तोंडावर मुखपट्टी, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या दिशेने पाठ, फवारल्यावर साबणाने आंघोळ, आणि दोन औषधे मनाने एकत्र न करणे, एवढे तरी प्रत्येकाने पाळावे. औषधाचा रिकामा डबा घरात पाण्यास वापरू नये.

८. मग मावल्याने काय करावे?

आपल्या जमिनी बहुतेक काळ्या व खोल. पावसाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या. पाऊस साधारण हजार मिलिमीटरच्या घरात, निफाडकडच्या मानाने बराच जास्त. द्राक्षाच्या मुळास साचलेले पाणी मानवत नाही, आणि फळछाटणीनंतर पाऊस आला तर केवडा पाहता पाहता बाग घेतो. सर्वांत जवळची वायनरी आपल्यापासून कित्येक तासांच्या वाटेवर आहे. पिकलेल्या घडाला एवढा प्रवास सोसत नाही. म्हणून आमचे मत असे की, कर्ज काढून वाईनच्या द्राक्षांची बाग आपल्या भागात कोणी लावू नये. कोणास हौसच असेल तर माती व पाण्याची तपासणी करून, कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊन, खाण्याच्या जातीच्या थोड्या वेली लावून तीन वर्षे पाहावे.

परंतु द्राक्ष नाकारले म्हणून द्राक्षाचा धडा नाकारू नये. नाव मिळविण्याची विद्या कोणत्याही पिकास लागू पडते. आपल्याच तेलंगणात तांडूरच्या तुरीला २०२२ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला तो आधीच मिळाला आहे. आदिलाबादच्या डोकरा कामाला २०१८ मध्ये, आणि निर्मलच्या खेळण्यांनाही तो मिळालेला आहे. कापसासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये कस्तुरी हे नाव जाहीर केले. तूरही आपल्या शेतात आहे, कापूसही आहे.

आणखी एक उदाहरण तर अगदी घरचे. मोहाच्या फुलाची दारू गाळतात हे सर्वांस ठाऊक. उटनूर येथे आदिवासी भगिनींची सहकारी संस्था त्याच मोहाच्या फुलांचे लाडू बनवून विकते. फूल तेच, एका वाटेने गेले तर घर मोडते, दुसऱ्या वाटेने गेले तर मुलाच्या पोटात अन्न जाते आणि आईच्या हातात पैसा येतो.

सुरुवात लहान असावी. पंधरावीस शेतकऱ्यांनी एकाच वाणाचा कापूस लावावा. वेचणी कोरड्या वेळी, स्वच्छ कापडी पिशवीत करावी; पोत्याचा सुतळीधागा, केस, पान त्यात येऊ देऊ नये. ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास आणूनच गाडी भरावी. तीन हंगाम असा माल एकत्र नेला, की व्यापारी मालाआधी गाव विचारू लागतो. त्या दिवशी नावाचा जन्म झाला असे समजावे; लेबल मागाहून छापता येते.

अभ्यासासाठी प्रश्न

वस्तीच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर चर्चा करावी. घरातील स्त्रियांनाही बोलू द्यावे. कर्जाचा भार त्याही वाहतात.

(१) आपल्या शेतातील कोणत्या पिकाला एकच गिऱ्हाईक आहे, आणि कोणत्या पिकाला अनेक? ते गिऱ्हाईक उद्या आले नाही तर आपण काय करू?

(२) शँपेनच्या शेतकऱ्यांनी नाव राखले ते मंडळ करून. आपल्या गावात असे मंडळ टिकत नसेल तर त्याची कारणे कोणती?

(३) एकाने ओला किंवा भेसळीचा माल घातला तर गटाने त्याचे काय करावे? हा नियम पहिल्या गाडीआधीच ठरवून लिहून ठेवावा.

(४) कोणी एजंट करार घेऊन आला, तर सही करण्यापूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न लिहून काढा. माल नाकारला तर काय, आणि पैसे किती दिवसांत, हे दोन त्यांत असलेच पाहिजेत.

कराराचा कागद कोणाकडे आला असेल, तर सही करण्याच्या आधी तो रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे आणावा. आपण तो एकत्र बसून, ओळ न् ओळ, मोठ्याने वाचू.